लाव्हा कोणी लावला

मी मुक्त पत्रकार आहे. यवतमाळात हे सांगितलं की समोरचा जरा थांबतो, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही येत नाही. आमचे बाबा, नीळकंठराव, जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. त्यांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची, पर्मनंट आणि टेंपररी, आणि मी दुसऱ्या प्रकारातही बसत नव्हते. पाहुणे आले की ते माझी ओळख करून देत, "ही शाल्मली, सध्या घरीच असते." त्या काळात मी निम्मा आठवडा एसटीत असायचे, पण तोही घरी असण्यातच धरला जायचा.

मी विज्ञान आणि प्रवास लिहायचे. म्हणजे एखादी गोष्ट अशी का होते, आणि ती बघायला कोणती बस धरायची. मी याला कारकीर्द म्हणत असे. आईही म्हणत असे, फक्त म्हणताना तिची एक भुवई वर जायची.

अडचण एकच होती, मी जिथून लिहायचे त्या जिल्ह्याची. दोन हजार सहा साल होतं. यवतमाळ म्हटलं की मुंबई-पुण्याच्या संपादकांचा आवाज आपोआप खाली यायचा, दवाखान्यात बोलतात तसा. कापूस बुडाला होता, भाव बुडाला होता, माणसं जीव देत होती. यातलं काहीही खोटं नव्हतं. माझ्याबरोबर शाळेत बसलेल्या मुलींच्या घरातली माणसं गेली होती. त्यावर लिहिणारे लोक होते, त्यातले काही फार जीव तोडून लिहीत, आणि कोणीतरी ते लिहायलाच हवं होतं. पण म्हणून जिल्ह्यातली वटवाघळं उलटी लटकायची थांबली नव्हती. ती का लटकतात हे सांगायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी सांगत होते.

सांगितलेलं छापून यायचं ते असं. कापसाचं फूल उमलतं तेव्हा पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ते का, यावर मी लेख पाठवला. छापून आला तेव्हा मथळा होता, 'रक्ताळलेलं फूल'. नेरच्या बाजाराच्या दिवशी एसटीत कोण कुठे बसतं, कोंबड्यांचं तिकीट लागतं का, यावर हलकंफुलकं लिहिलं. मथळा, 'शेवटचा थांबा'. ढाणकीकडच्या एका पडक्या विहिरीत घुबडांचं कुटुंब राहायचं. घुबड शेतातले उंदीर खातं, म्हणून ते आपल्या कामाचं, इतकंच मी लिहिलं होतं. त्याचं 'अशुभाची चाहूल' झालं. घुबडाला वाचता आलं असतं तर त्याने विहीर सोडली असती. मी मात्र अंक कापून फाइलला लावत गेले, कारण नाव माझंच होतं.

हंगामात बाहेरचे पत्रकार यायचे आणि बसस्टँडजवळचे लॉज भरून जायचे. मी त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून हिंडायचे. मितालीची ओळख तिथलीच. ती मुंबईच्या एका चकचकीत मासिकात होती, पुढे तिथली संपादक झाली. वाईट बाई नव्हती. एका घरी ती खरोखर रडली, आणि रडताना कॅमेरा पिशवीत ठेवला, हे मी पाहिलंय. त्या घरातली म्हातारी म्हणाली होती, "पोरानं औषध घेतलं." मितालीने मला विचारलं, आजारी होता का? मी तिला समजावून सांगितलं. इकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. दुकानाच्या पाटीवर औषध, डब्यावर औषध. तेव्हा कोणी औषध घेतलं म्हणालं, की पुढचं विचारायचं नाही.

मितालीने ते लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात 'औषध नावाचं विष' असा तिचा लेख आला आणि खूप गाजला. मी दिलेली आणि काही न बदलता छापली गेलेली ती एकमेव गोष्ट. तिने फोन करून आभारही मानले.

आता दगडांकडे येते. मुकुटबनच्या पुढे एका फाट्यावर मारोतरावांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्रे, बाक आणि भट्टी. बस चुकली म्हणून मी तिथे बसले होते. मागच्या नाल्याकडे हात धुवायला गेले आणि तशीच उभी राहिले. नाल्याच्या काठाला काळ्या दगडाचे खांब उभे होते, एकाला एक चिकटून, बहुतेक सहा बाजूंचे, रबर लावून बांधलेल्या पेन्सिलींच्या गठ्ठ्यासारखे. असे खांब मी पुस्तकात पाहिले होते. पुस्तकात त्यांच्याजवळ समुद्र असतो, तिकीट असतं, परदेशी माणसं असतात. इथे त्यांच्यावर रुखमाबाईंनी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

रुखमाबाई म्हणजे मारोतरावांची बायको. हॉटेल खरं त्या चालवायच्या. मारोतराव बोलायचे. त्यांच्या नावावर थोडी जमीन होती, ती भाऊ कसायचा. तुम्ही का नाही करत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कापूस बोलत नाही ना मॅडम. दिवसभर वावरात उभं राहाचं, अन् कोणाशी बोलाचं?" फाट्यावर थांबलेल्या प्रत्येक माणसाशी ते बोलायचे. बस आलेली दिसली की बोलणं संपवण्यासाठी ते ड्रायव्हरला हाताने थांबवायचे आणि ड्रायव्हर थांबायचाही.

दगडांबद्दल त्यांची मतं ठाम होती. इंग्रजांनी पूल बांधायला आणले आणि विसरून गेले. मी म्हटलं, नाही मारोतराव, हा लाव्हा आहे.

"तेच विचारून राह्यलो. कोणं लावला?"

"कोणी नाही. लाव्हा."

"असं कसं मॅडम? लावला त लावला, पण कोणं लावला?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी मी भट्टीवरचा दुधाचा टोप दाखवला. जमिनीतून तापलेला रस आला, गार होताना आकसला, चिखल वाळला की भेगा पडतात तशा त्याला भेगा पडल्या, आणि त्या खालपर्यंत गेल्या, म्हणून हे खांब. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला. मारोतरावांनी नीट ऐकलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा हॉटेलवर पाटी लागली होती, 'लावा पॉइंट. गरम भजे मिळतील.' आणि ते एका खतविक्याला सांगत होते की इंग्रजांनी हे दगड गरम असतानाच आणले होते.

त्या दगडांवर मी जसं मला लिहायचं होतं तसं लिहिलं. दगड कसे झाले, नाल्यात कधी उतरावं, पांढरकवड्याहून बस कोणती. त्यात कोणीही मरत नव्हतं. लेख मितालीला पाठवला. ती म्हणाली, सुंदर आहे, पण यात माणूस कुठे आहे? मी मारोतरावांना घातलं, लाव्हा कोणी लावला त्या सगळ्या संवादासकट. तिने वाचून फोन केला. "शाल्मली, हा माणूस फारच मजेत आहे गं." हे ती तक्रार म्हणून सांगत होती.

लेख पडून राहिला. मारोतराव आठवड्याला हॉटेलातल्या, रुपया टाकायच्या डब्याच्या फोनवरून विचारायचे, "आलं का आपल्या गोट्याइचं?" छापून आलं की लोक येणार, लोक आले की एसटी फाट्यावर अधिकृत थांबा देणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. थांब्याला नाव काय द्यायचं हेही ठरलं होतं. मला त्यांना नाही म्हणवत नव्हतं, कारण मीही जवळपास तेच धरून बसले होते. या लेखाचा मथळा कोणी बदलला नाही, तर मी जे करते त्याला काम म्हणतात, असं मला घरी सांगता येणार होतं. शेवटी पावसाळी सहलींच्या पानावर कोपऱ्यात एक चौकट देते, असं मिताली म्हणाली. तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"शाल्मली, बस जरा. मारोतराव गेले."

"कुठे?" मी विचारलं.

तिने पुन्हा नुसतं माझं नाव घेतलं, आणि मला कळलं. तिने सांगितलं, चौकटीसाठी एक खात्री करायची होती, पावसात नाल्यात उतरता येतं का, म्हणून तिने हॉटेलात फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. मारोतरावांना द्या म्हटलं, तर बाई म्हणाली, त्यांनी पहाटे औषध घेतलं. ग्लासभर, एका दमात. "मी विचारलं, बोलता येईल का त्यांच्याशी? तर म्हणाली, आता नाही बोलत ते. मी म्हटलं, अहो डॉक्टरला बोलवा! तर म्हणाली, डॉक्टर कायले, औषध झालं ना आता. इतकी शांत होती गं ती. बधीर झाली असणार. दुसऱ्या कोणाला हे कळलंही नसतं. तू शिकवलं होतंस म्हणून मला कळलं."

मी जमिनीवर बसले. कोणाला वाटेल, एवढा बोलका, एवढा हसरा माणूस, शंका कशी आली नाही? नाही आली. त्या वर्षांत आमच्याकडे हसरी माणसंही गेली होती, आदल्या दिवशी पोरांना जिलबी आणून. औषध घेतलं असं ऐकलं की पुन्हा विचारायची सवय आमची सुटली होती.

मिताली पुढे बोलत होती. आता हे चौकटीत जाणार नाही, मुखपृष्ठावर जाईल. तू काढलेला त्यांचा फोटो आहेच, हसरा, तोच चालेल, उलट जास्त चालेल. लेख उद्या संध्याकाळपर्यंत हवा. "दगड काढू नकोस. ते मागे राहू देत. पुढे माणूस."

माणूस कुठे आहे याचं उत्तर तिला मिळालं होतं.

मी पहिली मिळेल ती बस धरली. पांढरकवड्याला गाडी बदलायची होती, तिथे बाकावर बसून रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. आणि मग, खरं सांगते, माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. 'साडेसहा कोटी वर्षं हे दगड उभे आहेत. त्यांना रोज चहा विचारणारा माणूस आज आडवा झाला.' वाक्य जमलं होतं. जमलंय हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची किळस आली. तरी मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

फाट्यावर उतरले तर हॉटेल बंद. भट्टी गार, बाक उलटे करून ठेवलेले. कडुनिंबाखाली दोन-तीन माणसं गप्प बसली होती. मी काही विचारायच्या आत त्यातला एक म्हणाला, "मांगं जा मॅडम. घरीच हायेत सारे."

मागच्या दाराशी रुखमाबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि हुंदके द्यायला लागले. त्या आधी दचकल्या. मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याही रडायला लागल्या.

"लय चांगला माणूस होता वो," त्या म्हणाल्या.

"फार चांगला," मी म्हटलं.

"बोलणं किती गोड! आपल्या हातचा च्या पेले होते इथं बसून."

मला ते जरा विचित्र वाटलं, पण दुःखात माणूस काहीही बोलतो.

"असं एकाएकीच झालं का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "काही आजारी-बिजारी होते का?"

हे मला विचारतायत? बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "रुखमाबाई, तुम्ही घरी होता. मी तर यवतमाळहून आत्ता येते आहे."

तेवढ्यात परसातून मारोतराव आले. हातात लोटा, खांद्यावर टॉवेल, डोळे हळदीसारखे पिवळे. मी किंचाळले. कडुनिंबाखालची माणसं धावत आली. मारोतरावांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बायकोकडे पाहून मानेनेच विचारलं, काय झालं?

"मॅडमचे बाबा गेले वो!" रुखमाबाई म्हणाल्या.

मारोतराव मटकन खाली बसले. माझ्या घरच्यांपैकी ते दोघं फक्त बाबांनाच ओळखत. बाबा एकदा माझ्यासोबत दगड बघायला आले होते, आणि मारोतरावांनी त्यांना बस सुटेपर्यंत बोलण्यात गुंतवलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेलेला माणूस माझ्या जिवंत बापासाठी रडत होता, आणि मला हसू आवरेना, आणि रडूही आवरेना.

उलगडा व्हायला वेळ लागला, कारण ज्याला सर्वात जास्त बोलायचं होतं त्याला बोलायची मनाई होती. मारोतरावांना कावीळ झाली होती. मुकुटबनच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं, गोळ्या चालू होत्या, पण वरून एक म्हातारी झाडपाल्याचं औषध देते ते घ्यायचंच होतं. ते पहाटे घ्यायचं, एका दमात, आणि घेतलं की दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर औषध उतरतं. तेलाचा वास चालत नाही म्हणून भट्टी बंद.

"म्हणून त सांगतलं त्या मुंबईवालीले," रुखमाबाई म्हणाल्या, "का त्यायनं औषध घेतलं, आता नाही बोलत. यात समजाले काय नाही?"

मी म्हटलं, तिला जरा जास्तच समजलं.

कडुनिंबाखालची माणसं मारोतराव गप्प बसलेले बघायला आली होती. तसा योग आधी कधी आला नव्हता.

हे सगळं मी रुखमाबाईंना सांगत होते, मारोतराव ऐकत होते, तेव्हा हॉटेलातला फोन वाजला. मितालीच होती.

"पोचलीस? कसे आहेत घरचे? हे बघ, बायकोचा एक फोटो घे, दगडांपाशी. जबरदस्ती नको करूस, पण घे."

"मिताली, मारोतराव जिवंत आहेत."

मग ती म्हणाली, "अरेरे."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. लगेच तिने सावरलं. म्हणजे बरं झालं, फारच बरं झालं, पण मुखपृष्ठ आर्टिस्टकडे गेलंय. मी कावीळ, म्हातारी, औषध, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"कावीळ कितपत आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे, सीरियस आहे का?"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी म्हटलं, "नाही गं. बरे होणार आहेत. तू मन घट्ट कर." तिला टोमणा कळला, पण तिला अंक काढायचा होता. चौकटीचं पान आता भरलं होतं, तिथे दुसऱ्या कोणाचा धबधबा गेला होता. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आपण एक करू. नाव बदलू. हा एक प्रातिनिधिक माणूस, जिल्ह्यात असे कितीतरी आहेतच ना, त्यात खोटं काय? दगड तसेच राहतील, तुझा लेख पूर्ण जाईल, मुखपृष्ठावर तुझं नाव. "संध्याकाळी सांग," ती म्हणाली.

मी ताडकन नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, संध्याकाळी सांगते. दगडांवरचा माझा पूर्ण लेख, आणि मुखपृष्ठावर. मी नाल्यात जाऊन खांबांवर बसले. गोधड्या अजून वाळत होत्या. त्या दुपारी मी त्या लेखातला कोणता परिच्छेद ठेवायचा आणि कोणता काढायचा याचाही विचार केला, हे लपवण्यात अर्थ नाही. मारोतराव थोड्या अंतरावर येऊन बसले. माझ्याकडे बघत होते, आणि मधूनमधून बोलायला तोंड उघडून हाताने दाबत होते.

तिन्हीसांजेला रुखमाबाईंनी देवाजवळ दिवा लावला. वात पेटायचा अवकाश, मारोतराव फुटले.

"छापू द्या ना मॅडम!"

"काय?"

"मी सारं आयकलं, त्या बाईचा आवाज फोनच्या बाहेर येते. मेला म्हणून छापत असतीन त छापू द्या. मले मुंबईले कोण वयखते? मी काही तिकडं जाऊन राह्यलो नाही, अन् ते काही इकडं येऊन मोजून राह्यले नाही. आपल्या गोट्याइचं छापून येते ना? मंग झालं." त्यांनी हिशेब पूर्ण मांडला होता. "लोकं आले का मीच त्यायले च्या पाजीन. मी मारोतरावचा भाऊ हावो म्हणून सांगीन."

मला हसू यायला हवं होतं, पण मी रुखमाबाईंकडे पाहिलं. त्या दिव्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांचा हात कपाळाकडे गेला होता.

"अन् मी काय करू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या गोट्याइसाठी कुकू पुसू? अन् भाऊ कोण, तुमीच? त्याच्याइथं मी कोण म्हणून ऱ्हाऊ?"

मारोतराव काहीतरी म्हणायला गेले. "चूप बसा," त्या म्हणाल्या. आणि कोणतंही औषध न घेता ते गप्प बसले.

मी फोनपाशी गेले आणि मितालीला नाही म्हणून सांगितलं. जुना लेखच पाठवीन, छापायचा तर तो छाप. तिने थंड आवाजात ठीक आहे म्हटलं. लेखाच्या शेवटी मी एकच वाक्य वाढवलं, 'मारोतरावांची तब्येत आता बरी आहे आणि हॉटेल सुरू झालं आहे.' मग यवतमाळला येऊन बाबांना सांगितलं की तुमच्यासाठी मुकुटबनला दोन माणसं रडली. त्यांना फार बरं वाटलं, कोण कोण होतं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं.

लेख येणार नाही असंच मी धरून चालले होते. आणि अंक आला तर मुखपृष्ठावर मारोतराव, हसणारे. मथळा होता, 'यवतमाळातला न मेलेला माणूस'. त्या वर्षी मुंबईत सकारात्मक या शब्दाला नुकती मागणी आली होती, आणि आर्टिस्टचं काम वाया गेलं नाही. आत चार पानं होती. लाव्हाचा संवाद गाळला होता. दगडांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता आणि त्याखाली 'पार्श्वभूमीला खडक' असं लिहिलं होतं. नाव माझंच होतं. मी अंक कापून फाइलला लावला.

लोक मात्र आले. मारोतरावांचं म्हणणं खरं ठरलं. मुंबईहून आले, दिल्लीहून आले, एक जण तर फ्रान्सहून. फाट्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या. रुखमाबाईंनी दुसरी भट्टी घातली. सगळे मारोतरावांसमोर बसायचे, चहा घ्यायचे आणि आवाज खाली करून विचारायचे, कसं वाटतंय? रात्री झोप लागते का? तुम्हाला बळ कुठून येतं? मारोतराव आधी खुशीत होते. दगडांची गोष्ट सुरू करायचे, लोक वहीत काहीतरी टिपून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, पण तुम्हाला कसं वाटतंय?

मी हिवाळ्यात गेले तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. मारोतराव बाकाच्या टोकाला बसले होते आणि बोलत नव्हते. मला वाटलं पुन्हा औषध चालू आहे. त्यांनी मला नाल्याकडे नेलं. खांबांपर्यंतची पायवाट गवताने झाकली होती, इतके लोक येऊनही.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगसान?"

"विचारा ना."

"हे लोकं गोटे पाहाले नाही येत. मलेच पाहून राह्यले. अन् कसे पाहतात, मालूम आहे का? आपण दवाखान्यात कोणाले भेटाले जातो, तसे." त्यांचे डोळे आता पांढरे स्वच्छ होते. "तुमी शिकलेल्या हा. ते बी शिकलेले आहेत. तुमाले काही मालूम असन त सांगा. मले काही झालं आहे का?"

"नाही मारोतराव," मी म्हटलं. "तुम्हाला काही झालेलं नाही."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी खांबावर हात ठेवला. "मंग एक डाव थेच छापा ना," ते म्हणाले. "मारोतरावले काही झालं नाही, म्हणून."

"छापते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तो लेख मी घरी आल्या आल्या लिहिला. इतका मन लावून मी आधी काही लिहिलं नव्हतं. मारोतराव सकाळी भट्टी पेटवतात, ड्रायव्हरला हात करून बस थांबवतात, नव्या माणसाला इंग्रजांची गोष्ट सांगतात, रुखमाबाई त्यांना चूप बसा म्हणतात, मागे दगड असतात. एवढंच. जिथे जिथे ओळख होती तिथे तिथे पाठवला, मितालीलाही. सगळ्यांनी अगदी आपुलकीने कळवलं आणि सगळ्यांनी जवळपास एकच कळवलं. लेख छान आहे, पण यात काही होतच नाही.